विष्णुपुरीत इटालियन हॉटेल काढायचं असेल तर

नांदेडहून लातूरच्या रस्त्याला लागलं की थोड्याच अंतरावर विष्णुपुरी येते. गोदावरी अडवून केलेला जलाशय, काठावर काळेश्वराचं देऊळ, आणि त्याच परिसरात स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था, शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. शिकणारी मुलं, शिकवणारे, डॉक्टर आणि रुग्णांचे नातेवाईक यांची इथं रोज ये-जा असते. बाजूला ओलिताखालची शेती आहे. अशा ठिकाणी ऋतूप्रमाणे मेनू बदलणारं, इटालियन धाटणीचं हॉटेल काढावं असं इथल्या एखाद्या मुलाच्या किंवा मुलीच्या मनात आलं, तर घरचे पहिल्याच दिवशी विचारतील, ‘इथं कोण खाणार?’ माझ्या मते त्याआधी सोडवायचा प्रश्न वेगळा आहे: शिजवणार काय, आणि ते येणार कुठून? त्याचं उत्तर पक्कं असेल तर खाणारा मिळतो. ते नसेल तर मुंबईच्या गोदामातून महाग डबे मागवत बसावं लागतं आणि वर्षभरात शटर खाली येतं.

इटालियन स्वयंपाकातून घेण्यासारखी सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे त्याची शिस्त. या महिन्यात आसपासच्या रानात जे उभं आहे ते शिजवायचं, मोजक्या जिनसांत शिजवायचं, आणि ते संपलं की फळ्यावरून पुसून टाकायचं. लंडनमधलं ‘रिव्हर कॅफे’ १९८७ साली रोझ ग्रे आणि रूथ रॉजर्स या दोघींनी सुरू केलं, ते एका वास्तुविशारद कार्यालयातल्या माणसांच्या दुपारच्या जेवणासाठी. दोघींनीही स्वयंपाकाचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. आज काय माल आला ते पाहून मेनू लिहायचा, ही त्यांची रीत. त्याच भटारखान्यातून पुढे जेमी ऑलिव्हरसारखे शेफ बाहेर पडले.

आपल्याकडचं उदाहरण मुंबईत आहे. लोअर परळच्या कमला मिल आवारात २०१५ साली ‘द बॉम्बे कॅन्टीन’ सुरू झालं. मुंबईत वाढलेले आणि न्यूयॉर्कमध्ये नाव कमावलेले फ्लॉइड कार्डोझ त्यामागे होते, आणि मुख्य शेफ होते थॉमस झकारियास. झकारियास त्याआधी मुंबईतल्या ‘ऑलिव्ह’मध्ये युरोपीय पदार्थ करत. २०१३ साली ते इटली, फ्रान्स आणि स्पेनमध्ये हिंडले. तिथला साधा स्वयंपाकीही आपल्या पंचक्रोशीचा माल ओळखतो, हे त्यांना जवळून दिसलं. परत आल्यावर ते भारतभर फिरले, आणि मग कॅन्टीनच्या मेनूवर हंगामी भाज्या, स्थानिक तांदूळ, भरड धान्यं आली. पदार्थ भारतीय, पण दृष्टी इटलीच्या गावांतून पक्की झालेली. विष्णुपुरीच्या शेफनं नेमका हाच रस्ता उलट बाजूनं चालायचा आहे. माल आधीपासून दारात आहे, आता त्याला इटालियन हात द्यायचा.

सुरुवात गव्हापासून करा. इटलीत वाळवलेला पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच असला पाहिजे, असा १९६७ पासून कायदा आहे. हा ड्युरम आपल्याला अनोळखी नाही. मराठवाड्यात ज्याला बन्सी म्हणतात तो हाच. जिरायतीत येणारा, कडक दाण्याचा, पिवळसर, ज्याच्याशिवाय आपल्या आयांना रवा आणि शेवया पसंत पडत नाहीत तो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं काढलेला एमएसीएस ४०२८ हा वाणही ड्युरमच आहे आणि त्यात प्रथिनं सुमारे १४.७ टक्के आहेत. पास्त्याला दाताखाली जो ताठरपणा लागतो तो या प्रथिनांतूनच येतो. पेरणीआधी दोन-तीन शेतकऱ्यांशी बोलून ठेवलं तर वर्षभराचा गहू ठरलेल्या भावात घरात येतो. दळताना गिरणीवाल्याला रवा दोनदा दळायला सांगा. एकदाच दळलेला जाडा रवा पाणी नीट पीत नाही आणि पास्ता उकळत्या पाण्यात फुटतो.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. इथले बरेच ग्राहक अंडं खात नाहीत, म्हणून अंड्याशिवायचा पास्ता म्हणजे तडजोड, असं कुणी तुम्हाला सांगेल. तसं नाही. उत्तरेकडच्या एमिलिया-रोमान्यात मऊ गव्हाच्या मैद्यात अंडी घालतात, पण दक्षिणेकडे, पुलियासारख्या प्रांतात, घरोघरी पास्ता होतो तो ड्युरमचा रवा आणि पाणी एवढ्यावरच. ओरेकिएते, कावातेल्ली हे सगळे हातानं, बोटाच्या दाबानं घडवलेले आकार. आता आपल्या लग्नघरातले गव्हले, नखुल्या, मालत्या, बोटवे आठवा. चिमटीत धरून, नखानं दाबून, बोटावर वळून केलेले आकार, तेही त्याच गव्हाचे. ओरेकिएतेसाठी लागणारं बोटाचं कसब विष्णुपुरीच्या कित्येक घरांत साठीच्या पुढच्या बायकांकडे आजही आहे, आणि त्यांच्या सुना-नातींकडे ते चाललेलं नाही. तुमचा पहिला पगारी माणूस परगावचा शेफ नसावा. तो शेवया-कुरडया करणाऱ्या बचत गटातला असावा. गटातल्या मावशींना आकार दाखवायला एक दुपार पुरते. मजुरी मात्र नगावर न ठरवता तासावर ठरवा. नगावर दिली की आकार पातळ-जाड होतात, आणि एकाच पातेल्यात अर्धे कच्चे, अर्धे गळलेले निघतात.

प्रमाण सांगतो. १०० ग्रॅम बारीक रव्याला ४५ ते ५० मिली कोमट पाणी. दहा मिनिटं चांगलं तिंबायचं, ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवायचं, मग वळायचं. उन्हाळ्यात नांदेडचा पारा चाळीसच्या वर असतो. तेव्हा जाड आकार थेट उन्हात घालू नका. बाहेरचा थर आधी सुकतो, आतला ओला राहतो आणि तुकडे तडकतात. शेवया पातळ म्हणून उन्हात निभतात. पास्त्याला मात्र सावलीतला पंखाच बरा. शिजवायला १०० ग्रॅमला लिटरभर पाणी आणि १० ग्रॅम मीठ. बोअरचं पाणी जड असेल तर मळायला गाळून घेतलेलं वापरा. आणि ग्राहक ‘कच्चं राहिलंय’ म्हणाला तर वाद घालू नका. पहिले काही महिने एक मिनिट जास्त शिजवा, चव लागू द्या, मग हळूहळू कमी करत या.

आता माळव्याचं पंचांग. ऋतूप्रमाणे मेनू बदलायचा तर भिंतीवर बारा महिन्यांचा तक्ता हवा, आणि तो दर बुधवारी-रविवारी बाजारात स्वतः फिरून भरलेला हवा. पावसाळ्यात अंबाडी येते. पुलियात ओरेकिएते एका कडवट पालेभाजीबरोबर करतात: लसूण, लाल मिरची, तेल, बस. आपली अंबाडी कडू नाही, आंबट आहे. म्हणून आपण भाजीसाठी करतो तसं ती उकडून, पिळून, आंबटपणा निम्मा काढून मगच परता. कडवटपणाच हवा असेल तर थंडीत रानात येणारी पाथरी घ्या. ही भाजी चिकरीच्याच कुळातली आहे, आणि इटालियन माणूस ज्या कडू पानांवर जीव टाकतो ती याच गोतावळ्यातली. करडईची कोवळी पानंही चालतात. शेतकरी विरळणीत ती उपटतोच, तुम्ही जुडीचा भाव दिलात तर त्याला आनंदच होईल.

थंडी हा तुमचा खरा मोसम. मार्गशीर्ष-पौषात हुरडा येतो. गुळभेंडीचा कोवळा हुरडा लोण्यात परतून, भाजीचा रस थोडा थोडा घालत रिझोत्तोसारखा शिजवला तर तांदळाची आठवण येत नाही. इटलीतही बार्ली आणि फारो याच पद्धतीनं शिजवतात, आणि फारोतला जो प्रकार आपल्याकडे पिकतो ती म्हणजे खपली. ओल्या तुरीचे दाणे, सोलाणा, वाटाणा, गाजर, मेथी हे सगळं एकदम येतं, तेव्हा मेनू लांबवायचा मोह होतो. तो आवरा. फळ्यावर आठ-नऊ पदार्थ पुरेत. चार कायमचे, बाकीचे पंधरवड्यानं बदलणारे. पदार्थाचं नाव इटालियन ठेवलंत तरी खाली मराठीत लिहा: ‘अंबाडी, लसूण, बन्सीचा हातपास्ता’. ग्राहकाला विचारावं लागू नये.

थंडीच्या शेवटी टोमॅटोचा भाव पडतो. शेतकरी कॅरेट रस्त्याकडेला ओतून देतो अशीही वर्षं येतात. तुमच्या हॉटेलचा वर्षाचा नफा त्या तीन-चार आठवड्यांत ठरतो. पिकलेला, गाभ्याचा टोमॅटो थेट बांधावरून, भाव अगदीच पाडून न मागता घ्या. अर्ध्याचा रस्सा आटवून बाटल्यांत भरा. आम्ल कमी पडू नये म्हणून लिटरला दोन मोठे चमचे लिंबाचा रस घाला आणि झाकणं लावून बाटल्या उकळत्या पाण्यात पुरता वेळ ठेवा. उरलेला चिरून, मीठ लावून, गच्चीवर जाळीखाली वाळवा. दक्षिण इटलीत लोक उन्हाची वाट पाहतात. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये ऊन फुकट आहे, आणि वाळवण घालायची पिढ्यांची सवयही. जून-जुलैत बाजारात टोमॅटो परवडत नाही, तेव्हा तुमच्या सॉसचा खर्च जागचा हलत नाही.

उन्हाळा अवघड. पालेभाज्या कमी, तुळशीच्या इटालियन भावंडाला, बेसिलला, फुलं लवकर येतात आणि पानं कडू होतात. बेसिल शेडनेटखाली लावा, शेंडे खुडत राहा. अर्धापूरची केळी, केसर आंबा, नदीकाठचं खरबूज, काकडी, चिवळ यांवर हा काळ काढता येतो, पण गिऱ्हाईकही कमी असतं. विद्यापीठाला सुटी, वसतिगृहं रिकामी. तेव्हा मे महिन्यात पंधरा दिवस हॉटेल बंद ठेवून वाळवण, दुरुस्ती आणि पोरांची रजा उरकावी, असं माझं स्पष्ट मत आहे. भाड्याच्या हिशेबात ते पंधरा दिवस आधीच धरा.

तेलाबद्दल लोक फार घाबरतात. ऑलिव्ह तेल महाग आहे आणि सगळ्याला लागत नाही. वरून घालायला थोडं चांगलं ठेवा. परतायला घाण्याचं करडईचं तेल मंद आचेवर उत्तम, आणि जवसाचं तेल कच्चंच, भाजलेल्या भोपळ्यावर. उत्तर इटलीत बराचसा स्वयंपाक लोण्यात होतो, तेव्हा आपलं लोणी वापरताना संकोच नको. तिखटाचाही नको. कालाब्रिया प्रांतातली माणसं मिरचीवर आपल्याइतकंच प्रेम करतात. टेबलावर मिरचीच्या तेलाची बाटली ठेवलीत म्हणून पदार्थ बाटत नाही.

चीज मात्र नीट समजून घ्या. खरं मोझ्झारेल्ला म्हशीच्या दुधाचं, दक्षिणेतल्या कांपानियाचं. आपल्याकडे मराठवाडी म्हैस आहे. लातूरकडची देवणी आणि कंधारची लाल कंधारी गाय आहे. ताज्या दुधाचं मोझ्झारेल्ला आणि रिकोत्ता हॉटेलातच करता येतं. रिकोत्तासाठी दूध ८५ अंशांपुढे तापवून लिंबू किंवा व्हिनेगरनं फाडायचं, पनीरसारखं दाबायचं नाही, हलक्या फडक्यात निथळू द्यायचं. मोझ्झारेल्लाला सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं द्रव्य, घ्या. पार्मिजानोत वासराच्या जठरातलं रेनेट असतं. शाकाहारी ग्राहकाला हे न सांगता चीज वाढणं हा विश्वासघात आहे. तसंच स्वस्त तेलाचं ‘अ‍ॅनालॉग’ चीज वापरून मेनूवर चीज लिहू नका. कायद्यानंही चालत नाही, आणि नांदेडसारख्या गावात बातमी दोन दिवसांत पसरते.

शिकायचं कुठे? बारावीनंतर राष्ट्रीय पातळीवरची एनसीएचएम जेईई ही प्रवेशपरीक्षा देऊन मुंबईच्या दादरमधल्या आयएचएमसारख्या संस्थांत जाता येतं. पुण्यात राज्य सरकारची संस्था आहे. छत्रपती संभाजीनगरला ताज समूहाच्या साह्यानं उभी राहिलेली संस्था घरापासून जवळ आहे. इटलीतच जायची ऐपत आणि इच्छा असेल, तर पार्माजवळ कोलोर्नोत ‘अल्मा’ ही शाळा आहे, आणि पोलेंझोत ‘स्लो फूड’ चळवळीनं काढलेलं विद्यापीठ आहे, दोन्ही २००४ सालची. पण पदवी ही फक्त दार उघडते. त्यानंतरची चार-पाच वर्षं मोठ्या शहरातल्या इटालियन भटारखान्यात काढा. पहिली दोन भाजी चिरण्यात आणि पीठ मळण्यात गेली तरी चालतील. शेवटच्या वर्षी मुद्दाम खरेदी आणि हिशेबाच्या टेबलावर बसायला मागा. हॉटेलं बहुतेक वेळा चवीनं बुडत नाहीत, खरेदीनं बुडतात.

पहिल्या प्रयत्नाला फार जीव लावू नये, हेही सांगायला हवं. दिल्लीच्या रितू डालमियांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हौज खासमध्ये ‘मेझ्झालुना’ नावाचं इटालियन हॉटेल काढलं. ते चाललं नाही. त्या लंडनला गेल्या, तिथं हॉटेल चालवलं, परत आल्या आणि २००० साली ‘दिवा’ उघडलं. ते दिल्लीतल्या नावाजलेल्या इटालियन हॉटेलांत गणलं गेलं. दरम्यान ग्राहकही तयार झाला होता. ग्राहक तयार व्हायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ तगायला पैसा लागतो.

म्हणून थेट गाळा घेऊ नका. आधी थंडीत कुणाच्या तरी शेतावर शनिवारी संध्याकाळी पंचवीस माणसांचं जेवण मांडा. हुरडा पार्टीला पैसे देऊन जायची इथं सवय आहेच, त्याच पंगतीत तुमचे चार पदार्थ जाऊ द्या. खाणाऱ्यांचे फोन नंबर घ्या, ताटात काय उरलं ते दर वेळी लिहा. उरलेलं खरं बोलतं, तोंडावरची स्तुती नाही. दुसऱ्या थंडीत विद्यापीठाजवळच्या एखाद्या मेसचं रात्रीनंतर रिकामं राहणारं स्वयंपाकघर आठवड्यातून दोन दिवस भाड्यानं मागा. दोन मोसम असे गेले की आपला ग्राहक कोण, तो किती मोजतो आणि श्रावणात काय खातो हे कळतं. श्रावण, नवरात्र, एकादश्या यांचा फरक गल्ल्यावर स्पष्ट दिसतो. कांदा-लसणाशिवायचे दोन पदार्थ कायम तयार हवेत.

हिशेब साधा ठेवा. समजा, अंबाडीच्या ओरेकिएतेच्या एका प्लेटला साहित्य ५० रुपयांचं लागलं. किंमत १५० ते १७० ठेवली तर साहित्याचा वाटा साधारण ३० ते ३३ टक्के येतो, आणि या धंद्यात तोच सुरक्षित मानतात. भाडं विक्रीच्या १० ते १५ टक्क्यांपुढे गेलं तर जागा कितीही मोक्याची असो, सोडा. सहा महिन्यांचा पगार, भाडं आणि वीज एवढी रक्कम बँकेत वेगळी ठेवल्याशिवाय नारळ फोडू नका. शेतकऱ्याचे पैसे दर आठवड्याला, उधारी नाही. पहिल्या वर्षी शब्द पाळलात तर पुढच्या वर्षी तो तुमच्यासाठी झुकिनीची ओळ स्वतःहून लावतो.

कागदपत्रं फार नाहीत, पण टाळू नका. एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना उलाढालीप्रमाणे ऑनलाइन मिळतो. दुकान आस्थापना नोंदणी, जागा गावाच्या हद्दीत असेल तर ग्रामपंचायतीचा दाखला, अग्निशमनाची व्यवस्था, व्यावसायिक गॅस आणि जीएसटी. साध्या हॉटेलला ५ टक्के जीएसटी लागतो आणि खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, म्हणून ओव्हन-फ्रीजच्या किमती करासकट धरा. पास्ता वाळवून पाकिटात विकायचा विचार असेल तर जिल्हा उद्योग केंद्रात अन्नप्रक्रियेच्या योजनांची चौकशी करा. हॉटेलला न मिळणारं अनुदान प्रक्रियेला मिळू शकतं.

आणि दुसरं हॉटेल? लोक लगेच विचारतात, ‘लातूरला शाखा कधी?’ पहिलं हॉटेल तुम्ही सलग महिनाभर नसताना त्याच चवीनं चाललं, हिशेब जुळला आणि मावशींपैकी एकीनं नव्या मुलींना वळायला शिकवलं, की मग. लातूरला शिकवणी वर्गांमुळे विद्यार्थी आणि पालक भरपूर आहेत, तेव्हा ग्राहकाची अडचण नाही. पण विष्णुपुरीचा फळा उचलून तिथं टांगू नका. लातूर जिल्ह्याकडे बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्तीची कोथिंबीर आहे, तिन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेलं. पुलियात हरभऱ्यात पास्ता शिजवून काही फिती तळून वरून घालतात. आपल्या वरणफळांची ती सख्खी बहीण. बोरसुरीच्या डाळीत, थोड्या चिंचेच्या आंबटावर हा पदार्थ लातूरच्या फळ्यावर पहिला लिहा. त्या गावांतल्या शेतकऱ्यांशी बोलणी मात्र गाळ्याचा करार करण्याआधीच्या खरिपात, पेरणीच्या वेळीच झालेली असू द्या.